वजनावर वाटलेली कादंबरी

“पांढरं पांढऱ्यात, रंगीत रंगात, लोकर तेवढी माझ्या हातात.”

लग्नानंतरच्या पहिल्या सकाळी धाकटीला जाग आली ती या आवाजानं. जाडाभरडा, वाफेनं घसा सुजल्यासारखा, पण चालीत म्हटलेला. अर्धवट झोपेत तिला वाटलं, आपण कवीच्या घरात पडलो. जिना उतरून खाली येऊन बघते तर बनियनवर उभे असलेले सासरे, समोर हॉटेलच्या चादरींचा डोंगर, आणि सासऱ्यांच्या नाकाशी कुणाच्या तरी कोटाची काख. वास घेऊन ते कपडा कुठल्या गठ्ठ्यात जाणार ते ठरवत होते. कवी या घरात कधीच नव्हता. पण पहिल्या सकाळचा तो गैरसमज धाकटीनं मनातून पुरता काढून टाकला नाही, आणि तिची पुढची सगळी फरफट तिथून सुरू झाली.

सासरे गेले. चादरींचा डोंगर राहिला आणि आवाजही राहिला. लाँड्री आता थोरला मुलगा चालवत होता, ज्याला सगळी गल्ली दादा म्हणे. पण गठ्ठे पाडल्याशिवाय या घरात कुणाला विचारच करता येत नसे. सासरे गेले त्या दिवशी भेटायला आलेल्या माणसांचेसुद्धा दादानं गठ्ठे पाडले होते. नातेवाईक आत, शेजारी पायरीवर, गिऱ्हाईकं काउंटरपाशी. एक गिऱ्हाईक रडत रडत आत शिरलं, तर त्याला दंडाला धरून हळूच बाहेर आणून ठेवलं होतं.

तेव्हा धाकटीची कादंबरी छापून येणार अशी बातमी घरात आली, आणि दादानं ती कादंबरी उचलून काट्यावर ठेवली, यात नवल काही नव्हतं.

बातमी आणली समोरच्या औषधवाल्यानं. त्याच्या दुकानात झेरॉक्सचं मशीन होतं. धाकटी तिथं प्रत काढायला गेली आणि आनंदाच्या भरात बोलून गेली, की प्रकाशकानं नमुन्याची प्रकरणं वाचून सगळी कादंबरी मागवलीय. ‘मागवलीय’चं ‘छापतोय’ व्हायला रस्ता ओलांडण्याइतकाच वेळ लागला. हा औषधवाला स्वतःच्या आयुष्यावर कादंबरी व्हावी म्हणून कित्येक वर्षं तिच्या मागे होता. सर्दीच्या गोळ्यांबरोबर एखादा प्रसंग फुकट देई. त्याच्या सगळ्या प्रसंगांत कुणीतरी त्याला फसवलेलं असे आणि तो मोठ्या मनानं माफ करत असे.

“आपल्यावर आहे का?” दादानं त्या दिवशी विचारलं.

“कादंबरी आहे,” धाकटी म्हणाली.

“म्हणजे आपल्यावरच,” थोरली जाऊ म्हणाली, आणि हात पुसून खुर्ची ओढून बसली.

मग काटा आला. हॉटेलचे टॉवेल ज्यावर जोखतात तोच. दादानं डाव्या हातानं पानं उचलली, जोखली, आणि सारख्या वजनाचे चार गठ्ठे पाडले. पहिला गठ्ठा जिथं संपला तिथं लिहिलं होतं, ‘आणि तिनं दाराची कडी’. ‘काढली’ दुसऱ्या गठ्ठ्यात गेलं. धाकटीनं सांगून पाहिलं, की ही वस्तू पहिल्यापासून शेवटपर्यंत एकाच माणसानं वाचायची असते. दादाला हे अडाणीपणाचं वाटलं. सगळे कपडे एकट्यानं धुवायचे म्हटले तर दुकान कधी उघडायचं, असं तो म्हणाला, आणि प्रत्येक गठ्ठ्याला कापडी खूण टाचून मोकळा झाला. पहिला त्याला स्वतःला, दुसरा त्याच्या बायकोला, तिसरा दोघा भावांच्या मधल्या बहिणीला, ताईला, कारण ती शाळेत शिकवायची आणि तिच्याकडे लाल पेन असायचं. चौथा धाकट्याला, म्हणजे धाकटीच्या नवऱ्याला. आईला गठ्ठा दिला नाही. आईच्या डोळ्यांना ताण नको असं ठरलं. या आईला रस्त्यापलीकडून जाणाऱ्या माणसाचा शर्ट दुसऱ्या लाँड्रीत धुतलाय हे दिसायचं. पण ती तोंडात लवंग धरून बसून राहिली.

पुढच्या रविवारी वाचून यायचं होतं, आणि तो रविवार आज उजाडला होता.

शटर अर्धं खाली ओढलेलं. गठ्ठे पाडायच्या लांब टेबलाभोवती सगळे बसलेले, आईला तेवढी काउंटरची उंच खुर्ची. भिंतीकडच्या इस्त्रीच्या टेबलापाशी धाकटा उभा राहून हॉटेलच्या मेजपोसांना इस्त्री मारत होता. रविवारी कसलं काम, असं ताईनं विचारलं तर म्हणाला, बसून ऐकण्यापेक्षा उभं राहून ऐकलं तर कमी ऐकू येतं.

दोन गोष्टींचा निकाल लागायचा होता. एक, ही कादंबरी छापू द्यायची की नाही. दुसरी, वरच्या खोलीचं काय. कपडे वाळवायचं नवं मशीन येणार होतं आणि ते ठेवायला वरच्या खोलीइतकी सोयीची जागा नव्हती. त्याच खोलीत खिडकीशी धाकटीचं टेबल होतं. दुपारी जेवणानंतर दुकान बंद असे तेवढा वेळ ती तिथं लिहायची. धाकटा मागच्या खाटेवर तोंडावर पेपर टाकून झोपलेला असायचा. एवढीच तिची जागा आणि एवढाच तिचा वेळ. कादंबरी छापून येणार असली तर खोली मागायला दादालाही जरा जड गेलं असतं. लेखिकेचं टेबल उचललं असं औषधवाल्यानं गल्लीभर केलं असतं.

आणि कादंबरी छापून येणार नव्हती. हे टेबलाभोवतीच्या माणसांत फक्त धाकटीला ठाऊक होतं.

परवा प्रकाशकाचा फोन आला तेव्हा ती काउंटरवर एकटीच होती. एका हातात फोन, दुसऱ्या हातात कुणाचातरी डाग पडलेला टाय. प्रकाशक फार गोड बोलला. भाषा ओघवती आहे म्हणाला, तपशील नेमके आहेत म्हणाला, आणि मग ‘पण’ म्हणाला. या ‘पण’ची धाकटीला इतक्या वर्षांत चांगलीच ओळख झाली होती. एका मासिकानं तिची गोष्ट घेतली होती, पण वर फोटो दुसऱ्याच बाईचा छापला होता. एका स्पर्धेत तिला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं, पण समारंभाला गेल्यावर कळलं की ज्यांनी ज्यांनी गोष्ट पाठवली त्या सगळ्यांना उत्तेजन दिलंय. एका शिबिरात एका लेखकानं तिला स्वतःचा आवाज शोधायला सांगितलं आणि मग दिवसभर त्याचाच आवाज ऐकवला. असे किती ‘पण’ तिनं पचवले होते. परवाचा मात्र घशातच अडकला होता. फोन ठेवून तिनं टायचा डाग काढला, चांगला काढला, आणि कुणाला काही सांगितलं नाही.

सांगितलं तर खोली आजच गेली. न सांगावं तर हे लोक बसून तिच्या पुस्तकाला कात्री लावणार. पण खोटं कशाला बोला, तिसरंही एक कारण होतं. ही सगळी माणसं आठवडाभर तिची पानं घेऊन हिंडली होती. थोरलीनं ती स्वयंपाकघरात नेली होती, पानांवर तेलाचे डाग पडले होते. ते डाग बघून धाकटीला जे वाटलं होतं ते तिच्या आयुष्यातल्या कुठल्याच बक्षिसानं वाटलं नव्हतं. म्हणून ती गप्प होती.

“पहिला गठ्ठा उत्तम,” दादानं सुरुवात केली.

सगळे त्याच्याकडे बघायला लागले. दादा उत्तम म्हणायचा ते फक्त साबणाला.

दादानं सविस्तर सांगितलं. त्याच्या गठ्ठ्यात एक लाँड्री होती, दोन भाऊ होते. थोरला भाऊ कर्तबगार, सरळ, जरा कडक पण मनानं मोठा. धाकटा तंद्रीत राहणारा. हा धाकटा एक दिवस एका वकिलाचा भारी कोट इस्त्रीखाली जाळतो. बाप चिडतो, त्याला काउंटरवरून उठवतो आणि जन्मभरासाठी इस्त्रीच्या टेबलाशी उभा करतो. दुकान थोरल्याच्या हातात जातं. इथं गठ्ठा संपत होता. दादाचं मत असं, की यातलं अक्षर न् अक्षर खरं आहे. बाबांच्या वेळी हे असंच घडलं होतं. धाकटीनं घरच्या माणसाची, म्हणजे स्वतःच्या नवऱ्याची, गय न करता लिहिलंय. याला हिंमत लागते.

“लेखिकाबाई आहेत त्या,” इस्त्रीवरून धाकटा म्हणाला. “नवऱ्यापासूनच सुरुवात करतात.”

हे नाव त्यानंच ठेवलं होतं. रोज जेवताना विचारायचा, लेखिकाबाई, आज किती माणसं मारली. पाहुण्यांसमोर सांगायचा, आमच्याकडे आमटीत मीठ नसतं पण त्याचं वर्णन फार सुंदर असतं. पाहुणे हसत. धाकटीही हसे, आणि दुपारी वर जाऊन त्याला कादंबरीत आणखी थोडं टक्कल देई.

थोरलीला नवऱ्याचं कौतुक पटलं नाही. दुसऱ्या गठ्ठ्यात एक मोठी सून होती, ती गिऱ्हाइकानं न नेलेले टॉवेल माहेरी पोचते करायची. आता ही बाई कोण, असं थोरलीनं सगळ्यांना विचारलं आणि उत्तराची वाट न बघता सांगून टाकलं, की ती स्वतः नव्हे. कारण याच गठ्ठ्यात एक देखणी, सोशिक बाई रोज काउंटरवर येते, कुणाशी फार बोलत नाही, आणि तिच्या डोळ्यांत पाणी असतं. ती थोरली. हे तिनं पहिल्याच ओळीत ओळखलं होतं. टॉवेलवाली मग ताईच असणार.

“मी सून आहे का या घरची?” ताई म्हणाली.

“कादंबरी आहे, ताई. त्यात बदल करतात.”

“आणि टॉवेल मी कशाला नेईन? मला लागले तर मी मागून नेते.”

“तेच तर लिहिलंय,” थोरली म्हणाली.

आई लवंग चावत होती. धाकटीनं तिच्याकडे चोरून बघितलं, तर म्हातारी हसू दाबत असल्यासारखी वाटली. पण लवंग चावतानाही तिचा चेहरा तसाच होई.

एकूण रंग असा होता, की दादा पुस्तकाच्या बाजूनं आणि त्याची बायको व बहीण विरुद्ध. दादा म्हणाला, बायकांच्या टॉवेलांसाठी चांगलं पुस्तक अडवायचं नाही. काय ती दोन पानं काढून टाका, बाकीचं छापा. वर खोलीचंही बघू, मशीन महिनाभर पुढं ढकलता येईल. धाकटीनं मान खाली घातली. दादाच्या तोंडून असली वाक्यं ऐकायला तिनं किती दुपारी घातल्या होत्या, आणि आता ती ऐकताना तिला एखाद्या परक्या माणसाचा कोट घालून आरशासमोर उभं राहिल्यासारखं होत होतं.

“माझं राहिलंय अजून,” ताई म्हणाली आणि तिनं तिसरा गठ्ठा उघडला.

पानं लाल झाली होती. ताईनं एका वाक्यात तीन विशेषणं आली की एक कापलं होतं. पात्रं जेवतात पण हात धूत नाहीत, असा शेरा होता. ‘संध्याकाळ उदास होती’ याच्यापुढे ‘का?’ असं लिहिलं होतं. तिचा मुख्य आक्षेप मात्र रचनेवर होता. गोष्टीत अचानक एक कोट येतो. आगापिछा काही नाही, आधी कुठं उल्लेख नाही. विद्यार्थ्यानं असं लिहिलं असतं तर तिनं परत लिहायला लावलं असतं.

“कुठला कोट?” दादानं विचारलं.

“तेच तर. वाचते, ऐका.” आणि ताई वर्गात वाचतात तशी, प्रत्येक शब्द सुटा सुटा करून वाचू लागली.

“‘एके दिवशी इस्त्रीच्या टेबलावरची घोंगडी बदलताना तिला खाली अंथरलेला जुना कोट सापडला. त्याच्या पाठीवर इस्त्रीचा जळका डाग होता. या दुकानात कोट टाकताना कॉलर नेहमी डाव्या हाताला ठेवत. उजव्या हातानं इस्त्री धरली तर तिचं टोक कॉलरकडे येतं. या डागाचं टोक खालच्या काठाकडे होतं. ती बराच वेळ त्या डागाकडे बघत राहिली. घरात डाव्या हातानं इस्त्री धरणारा माणूस एकच होता.’”

ताईनं पान उलटलं आणि मान वर केली. “आता मला सांगा, वाचणाऱ्याला काय कळणार यातून?”

वाचणाऱ्यांना कळलं होतं. दादाचा डावा हात पहिल्या गठ्ठ्यावर पडलेला होता, आणि तो हात तिथून काढावा की ठेवावा हे त्याला ठरवता येत नव्हतं. थोरलीनं त्या हाताकडे पाहिलं. मग ताईनंही पाहिलं, आणि शाळेत सगळ्यात शेवटी उत्तर सापडलेल्या मुलीसारखा तिचा चेहरा झाला.

“दादा,” ती म्हणाली, “तुझ्या गठ्ठ्यात कोट कुणी जाळला?”

इस्त्रीनं तेवढा वाफेचा एक सुस्कारा टाकला.

दादाच्या मोठेपणाचं झालं ते असं. त्यानं कादंबरी चार ठिकाणी तोडली, आणि जिथं तोडली तिथं स्वतःला सोडवून घेतलं. पुढचं वाचायचं त्याच्या वाट्याला नव्हतं. बापाच्या रीतीनं वागणाऱ्या माणसाला बापाच्या रीतीनंच पकडलं, आणि त्यातही वाईट म्हणजे त्यानं आत्ताच सगळ्यांसमोर सांगून ठेवलं होतं, की यातलं अक्षर न् अक्षर खरं आहे.

“कल्पना आहे ती,” दादा म्हणाला.

“मगाशी खरं होतं,” ताई म्हणाली.

“पहिला गठ्ठा खरा. तिसरा कल्पना.”

“डाग कुणी कल्पनेनं पाडत नाही,” आई म्हणाली. सकाळपासून तिचं हे पहिलंच वाक्य. तिनं एवढं म्हणावं हेही पुष्कळ झालं होतं.

मग माणसं भराभरा जागा बदलू लागली. थोरली, जी आत्तापर्यंत नवऱ्याच्या विरुद्ध होती, ती त्याच्या खुर्चीला चिकटली आणि म्हणाली, की घरातल्या गोष्टी पुस्तकात लिहिणाऱ्या बाईच्या हातचा चहा प्यायचासुद्धा विचार करायला हवा. ताईला एकाएकी धाकटीच्या भाषेत गोडवा दिसू लागला. तीन विशेषणंही काही वाईट नसतात म्हणाली. काउंटर दादाला गेलं तेव्हा तिलाही कुणी विचारलं नव्हतं, हा सल तिला इतक्या वर्षांनी नेमका आजच टोचू लागला. लाल पेनानं तिनं आपलाच शेरा खोडला.

दादानं मोर्चा इस्त्रीकडे वळवला. त्याचं म्हणणं सरळ होतं. धाकटीला स्वप्न पडलं नसणार. नवऱ्यानं कान भरले असणार. समोर हूं की चूं नाही आणि मागून बायकोच्या हातानं वार, असं तो बरंच काही बोलला. त्यात आपण काउंटर कसं सांभाळलं, बाबांचं शेवटचं दुखणं कसं काढलं, हेही आलं. धाकटा मेजपोसाच्या कडा जुळवत होता. या घरात त्याला काही न म्हणण्याचीच सवय होती. थट्टा तेवढी करायचा.

“यांनी काही सांगितलं नाही, दादा,” धाकटी म्हणाली. “मी डाग बघितला. पुढचं मी लिहिलं. यांना विचारलं होतं मी एकदा, तर कूस बदलून झोपले. ते झोपलेलेच असतात.”

हे बोलताना तिच्या आवाजात जो तिटकारा आला तो तिलाही नवा होता. दादाचा राग तिला कळत होता. त्याचं काहीतरी गेलं होतं, तो ओरडत होता. पण ज्या माणसाचं जन्माचं नुकसान झालं तो तिकडे कडा जुळवत होता. ज्याच्यासाठी तिनं हे सगळं लिहिलं, असं ती स्वतःला सांगत आली होती, त्यानं आपला गठ्ठा आज आणलासुद्धा नव्हता. सकाळी विचारलं तर म्हणाला होता, वेळ कुठंय, आणि शेवट मला माहीत आहे, शेवटी सगळे मरतात.

“छापायचं नाही,” दादानं निकाल दिला. “त्या प्रकाशकाला उद्या फोन कर, नाहीतर नंबर दे, मी करतो.”

धाकटीनं सगळ्यांकडे एकेकदा बघितलं. तेलाचे डाग पडलेला गठ्ठा, लाल झालेला गठ्ठा, दादाच्या हाताखालचा गठ्ठा. मग तिला त्या ‘पण’चा कंटाळा आला.

“फोन करायची गरज नाही. ते छापत नाहीयेत. परवाच कळवलं त्यांनी.”

दादाचं तोंड उघडं राहिलं. जिंकायला लढाईच उरली नाही की माणूस जसा गोंधळतो तसा तो गोंधळला.

“का?” ताईनं विचारलं.

“माणसं खरी वाटत नाहीत म्हणाले.”

“कुठली माणसं?”

“पुस्तकातली. असं घर कुठं असतं का, म्हणाले. इतकी कोती माणसं एका घरात वाचकाला पटणार नाहीत.”

कोण हा टिकोजीराव, असं थोरलीनं विचारलं. ताई म्हणाली, त्यानं कुठली घरं पाहिलीत हे आधी त्याला विचारा. दादासुद्धा अर्धा मिनिट चिडला. त्याच्या तिसऱ्या पिढीच्या धंद्याला कुणीतरी खोटं म्हटलं होतं. थोडा वेळ सगळं घर प्रकाशकाविरुद्ध एक झालं, आणि धाकटीला हसू आलं, कारण इतकी एकजूट तिला कादंबरीतही साधली नव्हती.

पण दादा शुद्धीवर लवकर आला. जे छापलं जाणार नाही ते लिहिल्यात जमा नाही, हे त्याच्या ध्यानात आलं आणि त्याचा चेहरा हळूहळू काउंटरवरचा झाला. मग प्रश्न मिटला म्हणाला. उद्या सकाळी माणसं येतील, टेबल खाली आणतील, मशीन वर चढवतील. धाकटीनं दुपारी काउंटरवर बसावं, म्हणजे दुपारीही दुकान उघडं ठेवता येईल. झालं ते झालं, कुणी मनात ठेवू नये. त्यानं तीन गठ्ठे एकावर एक रचले. क्रम चुकला, तिसरा खाली गेला. चौथाही आणून दे म्हणाला, सगळं एकदम रद्दीत देऊ.

धाकट्यानं इस्त्री उभी केली. प्लग काढला. मेजपोस बाजूला ठेवला आणि टेबलावरची घोंगडी एका बाजूनं उचलली. खाली तो जुना कोट होता, पाठ वर करून अंथरलेला. कोट उचलला तर त्याच्याखाली चौथा गठ्ठा होता. आठवडाभराच्या वाफेनं आणि वजनानं पानं अशी सपाट झाली होती, की कोपरे धारदार दिसत होते. कडा मात्र बोटांनी मळलेल्या होत्या, पहिल्यापासून शेवटपर्यंत.

तो गठ्ठा त्यानं टेबलावर आणून ठेवला. दादानं हात पुढं केला. धाकट्यानं आपला हात गठ्ठ्यावरून काढला नाही.

“वाचलंस?” आईनं विचारलं.

“वाचलं.”

“मग?”

“वरची खोली मिळणार नाही, दादा,” धाकटा म्हणाला. “मशीन इथं ठेव. माझं टेबल काढ हवं तर. मी इतकी वर्षं उभा आहे, आणखी कुठंतरी उभा राहीन.”

दादा काहीतरी म्हणणार होता. पण आईनं काउंटरवर बोट वाजवलं, सासरे वाजवायचे तसं, आणि तो गप्प बसला.

धाकटा बायकोकडे वळला. तिच्याशी बोलताना त्याचा एक डोळा नेहमी ऐकणाऱ्यांकडे असे, कुणी हसतंय का बघायला. आज तो कुणाकडे बघत नव्हता.

“यात एक चूक आहे,” तो म्हणाला.

“कुठं?” धाकटीनं विचारलं. तिचा आवाज पार खाली गेला होता.

“शेवटी. ती दुपारी लिहिते, लिहिता लिहिता वाक्य पुटपुटते, आणि तो तोंडावर पेपर टाकून झोपलेला असतो, असं लिहिलंयस.”

“हो.”

“तू पुटपुटतेस. ते बरोबर आहे. एकेक वाक्य चार चार वेळा म्हणतेस, बदलून बदलून. पहिलं बरं असतं बहुतेक वेळा.” त्यानं गठ्ठ्यावरची खूण सरळ केली. “मी झोपलेलो नसायचो.”

धाकटी बघत राहिली.

“कोटाचं लिहीत होतीस त्या दुपारीही नव्हतो. दादानं जाळला हे मी बाबांना सांगितलं नाही, आईला नाही, तुला नाही. आणि तू माझ्याच खाटेशी बसून ते सगळं मोठ्यानं म्हणत होतीस. उठावं, म्हणावं, गप्प बस, हे लिहू नकोस. पेपर हातानं धरून ठेवला होता मी, हलू नये म्हणून.”

“मग उठला का नाहीत?”

तो थट्टा शोधत असावा; सापडली नाही.

“पुढचं ऐकायचं होतं,” तो म्हणाला.